आल्तिनोवरच्या चित्रफिती : केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीच्या आकाशवाणी भवनातल्या एका तात्पुरत्या स्टुडिओतून, युनेस्कोच्या मदतीने, भारतातले पहिले प्रायोगिक दूरचित्रवाणी प्रक्षेपण झाले, तेव्हा गोवा पोर्तुगीज अमलाखालीच होता. आमच्या मुक्तीची भाषा तोवर हवेतून ऐकू येत होती ती रेडिओवरून. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून सीमेपलीकडच्या जंगलातून जे भूमिगत केंद्र चालवले, त्याचे नाव आजही गोव्यात आदराने घेतले जाते. दूरदर्शन आमच्या घरात आले ते यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि आले ते दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम घेऊन. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर आमचे स्वतःचे केंद्र उभे राहिल्यानंतरच गोव्याने स्वतःला पडद्यावर पाहिले. त्या केंद्राने आणि मुंबई केंद्राने गोव्याविषयी आजवर जे चित्रित केले, त्याच्या जतनासाठी हे पत्र आहे.

दूरदर्शनचा इतिहास आपल्याकडे बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि तो खोटा नाही. १९६५ मध्ये दिल्लीचे प्रक्षेपण दररोज होऊ लागले, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, वर्षभराने सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुणेकरांना मुंबई दिसू लागली. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर चाललेल्या 'साइट' या उपग्रहाद्वारे शिक्षणाच्या प्रयोगात अमेरिकेचा उसना उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच पोहोचले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम, रंगीत प्रक्षेपण आणि एशियाड हे तिन्ही एकाच वर्षात आले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत प्रक्षेपकांची संख्या इतक्या झपाट्याने वाढली की रोज एक प्रक्षेपक उभा राहतो असे अभिमानाने सांगितले जाऊ लागले.

याच धावपळीत सरकारने पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिने १९८० च्या दशकाच्या मध्यात जे मांडले ते आजही झोंबावे असे आहे. मनोरे आणि उपग्रह यांच्यावर जितका खर्च आणि विचार होतो तितका त्यांच्यावरून काय दाखवायचे यावर होत नाही, आणि कार्यक्रमांचे केंद्र दिल्लीत एकवटल्यामुळे प्रदेशांचा आवाज मागे पडतो, असा तिच्या म्हणण्याचा रोख होता. आपल्या मंत्रालयाच्या 'बाइंड' योजनेला जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने २,५३९.६१ कोटी रुपये मंजूर केले. प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी हा पैसा आवश्यक आहे, याविषयी वाद नाही. पण प्रक्षेपक बदलता येतो. देशभरातले जुने ॲनालॉग प्रक्षेपक, मोक्याच्या काही ठिकाणांचा अपवाद सोडून, गेल्या काही वर्षांत बंद झाले आणि उपग्रहाने त्यांची जागा घेतली. एकदा टिपलेल्या आणि नंतर नष्ट झालेल्या कार्यक्रमाची जागा मात्र कोणतीही योजना भरून काढू शकत नाही.

मुंबई केंद्राच्या पहिल्या वर्षांतले 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप', 'आमची माती आमची माणसं' हे कार्यक्रम आमच्या आधीच्या पिढीच्या बोलण्यात आजही सहज येतात. गिरगाव-दादरला बिऱ्हाड केलेल्या गोमंतकीयांनी ते पाहिले. गोव्यात मात्र त्यांची वर्णने तेवढी पोहोचली, कारण मुंबईच्या मनोऱ्याचा टप्पा इथवर नव्हता. पुढे १९९४ मध्ये उपग्रहावरून मराठी वाहिनी सुरू झाली, २००० मध्ये तिचे 'सह्याद्री' झाले, आणि गोव्यातल्या मराठी घरांना ती आपलीशी वाटली. पण तोवर त्या पहिल्या वर्षांतले बरेच काही गेलेले होते. चित्रफीत परदेशातून येई, महाग असे, आणि कार्यक्रम दाखवून झाला की तीच फीत पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. ही रीत काही दूरदर्शननेच काढली नव्हती. बीबीसीनेही आपले कितीतरी जुने कार्यक्रम असेच पुसून टाकले आहेत. त्यासाठी आज कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. जे पुसले गेले नाही त्याचे काय, एवढाच प्रश्न आहे.

एक उदाहरण देतो. घुमट हे गोव्याचे वाद्य, २०१९ मध्ये ते राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झाले. मातीच्या मडक्याचे मोठे तोंड पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर हळूहळू बकऱ्याचे कातडे वापरात आले. हा बदल योग्यच झाला, घोरपडीचा जीव वाचला. पण चवथीच्या आरत्यांना शामेळ आणि कासाळे यांच्या साथीने पूर्वी जो ताणलेला, खोल नाद उमटत असे, तो आजच्या वादकांच्या हातून तसाच्या तसा निघत नाही, असे जुने जाणकार सांगतात. दोन्ही नाद शेजारी ठेवून ऐकायचे तर जुने ध्वनिमुद्रणच हवे, आणि हात कसा पडत होता, डावा तळवा मडक्याचे छोटे तोंड कधी झाकतो आणि कधी सोडतो, हे पाहायचे तर जुने चित्रीकरणच हवे. जागर, सत्तरीतले रणमाले, धालो या स्त्रियांच्या नाचाच्या मांडावर (ठरलेल्या जागेवर) म्हटल्या जाणाऱ्या ओव्या, देवळांच्या उत्सवातली मराठी नाटके, सासष्टीतले मांडो, तियात्र हे कोकणी नाट्य : गोव्यातल्या या प्रत्येक कलाप्रकाराबाबत हेच म्हणता येईल. (या यादीत कोकणी आणि मराठी दोन्ही आहेत, कारण गोव्यातला कलावंत एकाच रात्री दोन्हींत गातो. चित्रफितींच्या जतनात कोणी भाषावाद आणला तर त्याला आधी दोन्ही भाषांचा मांड उठवावा लागेल.)

आता फितीविषयी. पॉलिएस्टरच्या पट्टीवर चुंबकीय कण एका चिकट थराने धरून ठेवलेले असतात. हा थर हवेतला ओलावा शोषतो, कालांतराने मऊ पडतो, आणि अशी फीत यंत्रात घातली की तो खरवडून यंत्राच्या हेडवर बसतो. चित्र तर जातेच, यंत्रही अडते. आमच्या घरच्या कपाटात शिगम्याच्या कार्यक्रमाची व्हीसीआरवर घेतलेली एक व्हीएचएस कॅसेट आहे. तिची पुढची झडप उचलली की गुंडाळीच्या कडेने पांढरी, तंतुमय बुरशी चढलेली दिसते आणि दोन वेढे एकमेकांना चिकटलेले लागतात. ती कॅसेट घरगुती होती, आणि गोव्याच्या पावसाने तिचे जे केले ते कोणाच्याही घरात झाले असते. पण केंद्रातली पाऊण इंची यू-मॅटिक आणि अर्ध्या इंची बीटाकॅम फीतही याच पदार्थांची बनलेली असते. वातानुकूलित खोलीत ती अधिक टिकते, कायम टिकत नाही. अशी फीत कमी तापमानावर काही तास 'भाजून' तिच्यावरून एखादी प्रत काढता येते, मात्र त्यासाठी चालू स्थितीतले यंत्र हवे. सोनीने बीटाकॅम कॅसेटची विक्री २०१६ मध्ये थांबवली. यू-मॅटिकचा काळ त्याच्या कितीतरी आधी संपला. जुन्या यंत्रांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात, दोन्ही दरवर्षी कमी होत आहेत.

या कामासाठी नव्या कायद्याची गरज नाही. १९९० च्या प्रसार भारती अधिनियमाच्या १२ व्या कलमात, दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या या महामंडळाची कर्तव्ये सांगितली आहेत. देशाच्या विविध प्रदेशांतल्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेसे स्थान देणे हे त्यांत आहे, आणि रेडिओ, दूरचित्रवाणी व अन्य सामग्रीची ग्रंथालये उभारून ती चालवणे हेही त्यांतच आहे. संसदेने प्रक्षेपण आणि जतन ही दोन कामे एकाच कलमात ठेवली, हे माझ्या मते या अधिनियमातले सर्वांत दुर्लक्षित शहाणपण आहे. चित्रपटांच्या बाबतीत आपल्या मंत्रालयाने हे शहाणपण दाखवले. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी सुमारे ५९७ कोटी रुपयांची तरतूद झाली. दूरदर्शनच्याही मध्यवर्ती संग्रहाचे काम चालते आणि त्यातून काही सुंदर संगीत व मुलाखती बाहेर आल्या आहेत. परंतु लहान केंद्रांची सामग्री हा वेगळा विषय आहे. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवले गेले आणि देश पुन्हा पडद्यासमोर बसला, तेव्हा जुन्या कार्यक्रमांचे मोल सर्वांना पटले. पण त्या मालिकेला निर्माता होता, वारस होते, बाजार होता. पणजी केंद्राच्या चमूने एखाद्या देवळाच्या चौकात जे टिपले त्याला प्रसार भारतीखेरीज कोणी वाली नाही.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी साधी आहे : पणजी केंद्रातल्या सर्व चित्रफितींची सूची करावी आणि ती सर्वांसाठी खुली करावी. कार्यक्रमाचे नाव, तारीख, कलावंत, गाव, फितीचा प्रकार आणि तिची आजची स्थिती, एवढे असले तरी पुरे. स्वामित्वहक्काचा प्रश्न कार्यक्रम दाखवताना येतो, सूची करताना येत नाही, त्यामुळे त्याचे कारण सांगून सूची लांबणीवर टाकू नये. मुंबई केंद्राच्या संग्रहात गोमंतकीय गायक, नट, कीर्तनकार यांचे जे असेल, त्याची नोंदही याच सूचीत यावी; जितेंद्र अभिषेकींसारखा मंगेशीचा माणूस मुंबईच्या फितीत सापडणार, पणजीच्या नाही.

सूची झाली की कोणती फीत आधी वाचवायची हे ठरवता येईल. त्यासाठी निवृत्त निर्माते, कॅमेरामन आणि गावोगावचे जाणकार यांची मदत घ्यावी. फितीवरच्या चेहऱ्यांना नावे देऊ शकणारी ही माणसे वयाने मोठी आहेत आणि त्यांच्या सोयीने, त्यांच्या गावात जाऊन हे काम करावे लागेल. डिजिटल प्रती कला अकादमी, गोवा विद्यापीठ आणि राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून पाहण्याची सोय असावी, म्हणजे अभ्यासकाला दिल्लीला अर्ज करीत बसावे लागणार नाही. मार्च २०१९ मध्ये गोव्याची वाहिनी उपग्रहावर नेण्याचा निर्णय आपल्याच मंत्रालयाने जाहीर केला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीचा 'वेव्हज्' हा इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणारा मंच इथेच, इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात, सुरू झाला. वाचवलेल्या कार्यक्रमांसाठी दोन्ही दारे आधीच उघडी आहेत.

राहिला प्रश्न पैशाचा आणि मनुष्यबळाचा. लहान केंद्रांत माणसे कमी आहेत हे गोव्यातही दिसते, आणि आहे त्याच कर्मचाऱ्यांवर हे ओझे टाकले तर सूचीचे एक रकान्यांचे पुस्तक तयार होईल आणि तिथेच काम थांबेल. ही एक स्वतंत्र, मुदतबंद योजना असावी, तिला संग्रहशास्त्र जाणणारा प्रमुख असावा आणि तिचा खर्च प्रक्षेपणाच्या खर्चातून न काढता वेगळा दाखवला जावा. पहिली पाहणी आणि फितींचे ओलाव्यापासून संरक्षण येत्या मृगाच्या आधी व्हावे, अशी विनंती आहे. या पत्राचे उत्तर आपल्या कार्यालयाने गोव्यातल्या वर्तमानपत्रांतून जाहीरपणे द्यावे; ते मराठीत असेल की कोकणीत, याबद्दल माझा आग्रह नाही.

कळावे,

आपला,
फोंडा तालुक्यातील एक दर्शक