आत्याच्या पोटातलं पाणी

दादर, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय सुलू,

मला काही झालेलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तू पत्र अर्धवट टाकून फोन करशील. तरी मंगळवारी रजा टाकून परळला जनुकीय समुपदेशनाला जाऊन आले. आई तेव्हापासून धड बोलत नाहीये. "धडधाकट बाईनं कॅन्सरच्या इस्पितळाची पायरी चढायचीच कशाला?"

तिथे सुई नाही, मशीन नाही. एक तरुण मुलगी तासभर आमची वंशावळ काढत बसली. बायका गोल, पुरुष चौकोन, गेलेल्यांवर तिरकी रेघ. आईकडचं लगेच उरकलं. बाबांकडे मोठ्या आत्यापाशी अडलो. चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं ना, 'पोटात पाणी झालं'? मी तेच सांगितलं. तिनं पेन थांबवून विचारलं, तेव्हा वय किती होतं? म्हटलं, ४५. "अंडाशयाचा कॅन्सर असं कुणी म्हणालं होतं का?"

काकांकडे गिरगावात जाऊन जुने कागद काढले. स्वच्छ लिहिलंय गं त्यात. घरातले सगळे शिकलेले!

माझ्या डॉक्टरांनी इतकी वर्षं 'आईकडे कुणाला?' एवढंच विचारलं. पण बीआरसीए १ किंवा २ या जनुकांमधला दोष बापाकडूनही तसाच येतो, मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला निम्मी शक्यता. स्तनाचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतातच, शंभरात पाच ते दहा असतात. पण दोष निघाला, तर ऐंशीपर्यंत स्तनाचा धोका सत्तर टक्क्यांच्या आसपास. अंडाशयाचा एकमध्ये सुमारे ४४, दोनमध्ये १७. स्तनाला एमआरआय, मॅमोग्राफी तरी आहे. अंडाशयाचं वेळेत पकडणारी भरवशाची तपासणीच नाही, म्हणून बीआरसीए १ असलेल्यांना मुलंबाळं झाल्यावर ३५ ते ४० मध्ये अंडाशय आणि बीजवाहिनी नलिका काढायला सांगतात. मी ४१ची आहे. हिशेब तू कर.

खरी गोम पुढे आहे. पहिली चाचणी आजारी माणसाची व्हायला हवी. घराण्यातला दोष कोणता हेच ठाऊक नसेल, तर माझा रिपोर्ट कोरा आला तरी निर्धास्त होता येत नाही. शिवाय कधी 'बदल आहे, पण अर्थ लागत नाही' असंही उत्तर येतं. आत्या तर नाही. उरली तिची लेक, आपली माई. सहा महिन्यांपूर्वी सांगलीत तिचं स्तनाचं ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. सासरी सांगतात, 'गाठ होती, काढली.' तिच्या धाकट्या लेकीसाठी स्थळ बघतायत, म्हणून रक्त द्यायला नको म्हणते. मला तिचा राग येतो, आणि त्या पोरीचं वय २४ आहे हे आठवलं की जास्तच येतो.

फोनवर माझ्याशी ती हवापाण्याचं बोलते. तुझ्याशी नाही बोलणार तशी. सोबतची चिठ्ठी तिच्या हातात दे. पोरीला चाचणी करायची की नाही ते पोरच ठरवेल, एवढं सांग. नमुना तिथेच घेऊन इकडे पाठवता येतो, तिला मुंबईला यायला नको.

दुपारी जा, भाऊजी दुकानात असतात. आणि चिवडा नेऊ नकोस, तिचं तोंड आलंय. ताक ने.

तुझी,
कुंदा