चौथ्या स्टेजला पहिला प्रश्न 'ऑपरेशन कधी?' हा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर उजाडला की सगळ्या दैनिकांत गुलाबी फीत झळकते. मॅमोग्राफी, स्वतःची तपासणी, लवकर निदान, सगळं छापून येतं आणि यावंच. पण ज्यांचा स्तनाचा कॅन्सर हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत पोचलाय, म्हणजे चौथ्या स्टेजला गेलाय, त्यांच्यासाठी त्या पानांवर एक ओळ नसते. 'लवकर आल्या असत्या तर' एवढंच त्यांना वाचायला मिळतं.

अशा घरांतून येणारा पहिला प्रश्न बहुधा 'ऑपरेशन कधी?' हाच. गाठ हाताला लागते, तेव्हा ती काढून टाकावी असं वाटणारच. याचं उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येच शोधलं गेलं. निदानाच्या वेळीच रोग पसरलेल्या आणि केमोने उतार पडलेल्या ३५० स्त्रियांचे दोन गट केले. एका गटात गाठ काढली, दुसऱ्यात नाही. २०१५ साली निष्कर्ष छापून आले: मध्यक आयुर्मान (निम्म्या रुग्ण जितकं जगल्या तो आकडा) गाठ काढलेल्यांचं १९.२ महिने, न काढलेल्यांचं २०.५. म्हणजे फायदा नाही. गाठ फुटून वाहू लागली तर ऑपरेशन करतात, ते आराम पडावा म्हणून. (हे महिने जुन्या औषधांच्या काळातले आहेत. आजच्या रुग्णाने त्यावरून स्वतःचे दिवस मोजू नयेत.)

पहिला प्रश्न हवा तो असा: ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (त्याच पेशींवरचं एक प्रथिन) काय आले, आणि कुठून काढलेल्या तुकड्यावर तपासले? पाच वर्षांपूर्वीच्या स्तनाच्या रिपोर्टवर आज यकृतात उगवलेल्या रोगाचा उपचार ठरवू नये. मधल्या काळात रिसेप्टर बदलू शकतात, म्हणून शक्य असेल तिथे नव्या जागेची बायोप्सी करायची. हर-टू '२+' आला तर तो निकाल नव्हे, फिश ही हर-टूच्या जनुकाची पुढची तपासणी राहिली आहे असा त्याचा अर्थ. आणि '१+' पूर्वी सरळ निगेटिव्हमध्ये टाकत, आता तसं नाही. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकान हे औषध त्यांच्यापैकी काहींना लागू पडतं. नुसतं ट्रॅस्टुझुमॅब, ट्रॅस्टुझुमॅब एमटान्सिन आणि हे, अशी नावं सारखी असली तरी तिन्ही औषधं वेगळी आहेत, डोसही वेगळे. सलाईनला लावण्याआधी पूर्ण नाव वाचून घ्या. पहिल्यात हृदयाचा इको दर तीन महिन्यांनी. डेरुक्स्टेकानमध्ये लक्ष फुप्फुसांवर. नवा कोरडा खोकला किंवा जिना चढताना दम, हे 'हवा बदलली' म्हणून सोडायचं नाही. त्याच दिवशी कळवायचं.

ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असेल तर बहुतेक वेळा सुरुवात केमोने नाही, गोळ्यांनी होते: रोज लेट्रोझोल (इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी गोळी) २.५ मिग्रॅ आणि सोबत पाल्बोसिक्लिब, रिबोसिक्लिब किंवा अबेमासिक्लिब. जानेवारी २०२३ मध्ये पेटंट संपल्यावर देशी कंपन्यांची पाल्बोसिक्लिब आली आणि किंमत बरीच उतरली. पाळी सुरू असलेल्या बाईला एकटी लेट्रोझोल पुरत नाही, अंडाशय बंद करावे लागतात. त्यासाठी दर २८ दिवसांनी गोसेरेलिन ३.६ मिग्रॅ, नाहीतर दुर्बिणीतून अंडाशय काढणं, जे एकदाच होतं आणि लांबच्या हिशोबात स्वस्त पडतं. केमोने पाळी थांबली म्हणजे ती कायमची गेली, असं धरू नये.

चुका होतात त्या इथे. पाल्बोसिक्लिब २१ दिवस घ्यायची आणि ७ दिवस थांबायची, पण त्या सात दिवसांत लेट्रोझोल चालूच ठेवायची असते. घरात दोन्ही डबे एकदम बंद होतात. ही सुट्टी पांढऱ्या पेशी सावरण्यासाठी आहे. औषध मज्जेतल्या पेशींना रोखतं, त्यामुळे आकडा खाली येणं अपेक्षितच असतं. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत पंधराव्या दिवशीचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चुकवू नये. रिबोसिक्लिबला ईसीजी आधी आणि चौदाव्या दिवशी. पित्तासाठी सर्रास घेतली जाणारी पँटोप्रॅझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल तिच्याबरोबर नको, कारण डॉमपेरिडोनही ईसीजी बिघडवतं. घशासाठी लिहून दिलेलं ॲझिथ्रोमायसिनही त्यातलंच. गणपतीतलं पपनसही पाल्बोसिक्लिब, रिबोसिक्लिब, अबेमासिक्लिब या तिन्हींबरोबर टाळलेलं बरं. ते रक्तातली औषधाची पातळी वाढवू शकतं. अबेमासिक्लिबने जुलाब होतात, बहुधा पहिल्याच आठवड्यांत. पहिल्या पातळ जुलाबाला लोपेरामाइड सुरू करून कळवायचं. 'बघू उद्यापर्यंत' करणाऱ्या बाईला मग सलाईन लागतं.

केपसिटाबिन या केमोच्या गोळीने हात-पाय सोलवटतात. आधी टाचेला मुंग्या, मग तळहात लाल, मग चपलेचा पट्टा जिथे घासतो तिथे कातडी सुटते. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात साधं १ टक्का डायक्लोफिनॅक जेल दिवसातून दोनदा हातांना लावल्यावर त्रासदायक हात-पाय लक्षणं १५ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आली. ट्यूब कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, पण कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून लावा. गरम पाण्यात भांडी घासणं, खलबत्त्यात कुटणं, अनवाणी चालणं काही दिवस दुसऱ्याकडे सोपवा. उलटीसाठीच्या ओलॅन्झापिनचंही असंच: १० मिग्रॅने बाई दिवसभर पेंगते; टाटाच्याच २०२४ च्या अभ्यासात २.५ मिग्रॅनेही तेवढंच काम झालं आणि पेंग कमी आली.

हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड ४ मिग्रॅ, किमान १५ मिनिटांत हळू सोडायचं. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) आणि दातांची तपासणी. मिश्री लावणाऱ्या बायकांत हिरड्यांची दुखणी बरीच दिसतात. किडलेला दात आधी काढून जखम भरू द्यावी, नंतर काढला तर जबड्याचं हाड उघडं पडण्याचा धोका असतो.

संपादक महोदय, येत्या ऑक्टोबरच्या पुरवणीत तपासणीच्या चित्राशेजारी एक छोटी चौकट द्यावी. केमो किंवा वरच्या गोळ्या चालू असताना थर्मामीटरवर १००.४ आलं, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. आणि हाडांत रोग असताना पाठ नव्याने दुखू लागली, पाय लटपटले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी पाठीचा एमआरआय. चालता येतंय तोवर उपचार सुरू झाले तर पाय वाचण्याची शक्यता बरीच असते, पूर्ण लुळे पडल्यावर फार थोडी.

आपले,
कॅन्सर विभागातील दोन परिचारिका आणि एक औषधनिर्माता, पुणे