आधी गच्ची, मग एसी

मिनियापोलिस, अमेरिका,
१८ फेब्रुवारी

ती. आई आणि बाबांस,
सा. न.

रविवारी फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. बाबा म्हणाले, "दीड टनाचा पुरत नाही, दोन टनाचा पाहून ठेवलाय, शिवरात्रीला आणून टाकतो." मी तोंड उघडणार तोच आईने फोन घेतला आणि मेथीच्या लाडवांवर गाडी गेली. म्हणून हे पत्र. फोनवर बाबा माझं ऐकत नाहीत, पण कागदावरचं असलं की चष्मा लावून दोनदा वाचतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

बाबा, तो एसी आणू नका. पहिला एसी मीच पाठवला होता. खोलीकडे न बघता, इथे बसून, मोबाईलवर चार बटणं दाबून. तो चालूनही मागची खोली थंड होत नाही, यात त्या यंत्राचा दोष नाही, माझा आहे. आणि हेच मी इथे आमच्या घरातही करून बसले होते, याहून जास्त पैसे घालून. ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

तुम्ही दोघं इथे आलात तो २०१९ चा जानेवारी आठवा. ३० तारखेला पारा उणे ३३ ला गेला होता. पोस्टानेसुद्धा त्या दिवशी टपाल वाटलं नाही. बाबा रात्री कानटोपी घालून झोपले आणि सकाळी म्हणाले, "हीटर तर रात्रभर चालू होता, मग गारवा येतो कुठून?" तेव्हा आम्ही हसलो. अहो, त्या थंडीत या घरातला एवढा एकच शहाणा प्रश्न होता. आईने त्याच दिवशी वळचणीला लटकलेल्या बर्फाच्या लांबच लांब सुळक्यांखाली उभं राहून फोटो काढून घेतला. तो अजून आपल्या बैठकीत लावलेला आहे ना? त्या सुळक्यांचं गुपित पुढे सांगते.

आमचं घर १९२४ चं. लाकडी सांगाडा, बाहेरून सिमेंटचा गिलावा, आतून पट्ट्यांवर केलेलं प्लॅस्टर. मधे चार इंचांची पोकळी, आणि त्यात काहीही नाही. शंभर वर्षं नुसती हवा. बरं, हे शहर काही फक्त थंडीचं नाही. १९३६ च्या जुलैत इथे ४२ अंश झाले होते, म्हणजे अकोल्याचा एप्रिलच. आताआतापर्यंत जुलैत वरच्या खोलीत पाय ठेववत नसे. एकाच घराला दोन्ही टोकांचा मार.

तुम्ही परत गेल्यावर आम्ही काय केलं, तर मोठी भट्टी बसवली. इथे तळघरात गॅसची भट्टी असते, ती हवा तापवून घरभर सोडते. ज्याने विकली तो म्हणाला, जुनी लहान पडते. मोठी आली, बिल वाढलं, आणि वरच्या खोलीत पाय तेवढेच गार. मग एका मार्चमध्ये झोपायच्या खोलीच्या छतावर पिवळा डाग पडला आणि पाणी ठिबकायला लागलं. बाहेर पाऊस नाही, काही नाही. छपरावाला आला, म्हणाला, अख्खं छप्पर बदला. आकडा ऐकून तुमचे जावई टॉर्च घेऊन स्वतःच माळ्यावर चढले आणि तिथूनच मला हाक मारली.

मी वर जाऊन बघते तर काय, छपराच्या फळ्यांतून आत उतरलेल्या खिळ्यांच्या शेकडो टोकांवर बर्फाची बोंडं. कापूस फुटल्यासारखी, अगदी आपल्या शेतातल्यासारखी. छप्पर कुठेच गळत नव्हतं. आमच्याच अंघोळीची, वरणभाताची वाफ फटीफटींतून माळ्यावर जात होती, थंड खिळ्यांवर गोठत होती आणि मार्चचं ऊन लागलं की वितळून आमच्याच डोक्यावर पडत होती.

मग घर तपासणाऱ्या एक बाई बोलावल्या. साठीच्या असतील, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या. त्यांनी समोरच्या दाराला लाल कापडाचा पडदा ताणून बसवला, त्यात एक मोठा पंखा, आणि तो घरातली हवा बाहेर ओढायला लागला. म्हणजे बाहेरची हवा जिथून मिळेल तिथून आत घुसणार. मी देवघरातली अगरबत्ती पेटवून त्यांच्या मागोमाग फिरले. खिडक्यांपाशी धूर जरासा हलला. मला वाटलं होतं, सगळा घोटाळा खिडक्यांचाच असणार, कारण दर उन्हाळ्यात नव्या खिडक्या विकणारे दार ठोठावत असतात. पण विजेच्या बटणांपाशी नेली तर धुराची रेघ मोडून सरळ माझ्या तोंडावर आली! स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या वर, तळघरात पायाच्या भिंतीवर लाकूड टेकतं तिथे, माळ्याच्या झाकणाभोवती, सगळीकडे तेच. आणि सगळ्यात मोठं भगदाड जुन्या धुराड्याच्या शेजारी, माझा हात कोपरापर्यंत आत गेला. बाई म्हणाल्या, गरम हवा वरून निसटते, तिच्या जागी थंड हवा खालून ओढली जाते, अख्खं घरच धुराडं झालंय. बाबा, सहा वर्षांपूर्वीच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे.

आणि आई, तुझ्या फोटोतले ते सुळके. माळ्यातून निसटलेल्या उष्णतेने छपरावरचा बर्फ खालून वितळायचा, पाणी ओघळत थंड वळचणीला यायचं आणि तिथे पुन्हा गोठायचं. आम्ही गॅसला मोजलेले पैसेच लटकत होते ते. त्यांच्याखाली उभी राहून तू किती छान हसली आहेस!

काम तीन दिवस चाललं. आधी फक्त फटी बुजवल्या. यावर त्या बाई ठाम होत्या, फटी राहिल्या तर वर कितीही जाड थर घाला, बटणं न लावलेल्या स्वेटरसारखी गत. धुराड्याजवळ फोम चालत नाही, आगीचं भय, तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट. मग माळ्यावर सोळा इंच आणि भिंतींत ठासून जे भरलं ते ऐकून बाबांना आनंद होईल: रद्दी! वर्तमानपत्रांचा भुगा, आग आणि किड्यांपासून बचाव म्हणून त्याला बोरॅक्सच्या जातीचं मीठ लावलेलं. बाहेरून गिलाव्याला प्रत्येक खणात दोन-दोन इंचांची भोकं पाडली, त्यात नळी घालून यंत्राने भुगा सोडला आणि भोकं लिंपून टाकली. दोन दिवस घराला जुन्या पेपराचा वास होता. तुमच्या जिन्याखालच्या 'देशोन्नती'च्या गठ्ठ्यांवरून आई तुम्हाला बोलते ना, तिला सांगा, अमेरिकेत याची गोधडी करून घराला पांघरतात.

गोधडीच आहे ती खरोखर. आजीची गोधडी ऊब कुठे देते? जुन्या लुगड्यांच्या थरांत अडकलेली हवा हलत नाही, एवढंच. आणि हवा अडली की उन्हाळ्यातली झळही अडते. आज सकाळी बाहेर उणे २५ च्या आसपास होतं आणि मी हे वरच्या खोलीत, पायात मोजे न घालता लिहिते आहे. गॅसचं बिल साधारण एक तृतीयांशाने उतरलं. ती मोठी भट्टी आता आम्हाला जास्त होते, दहा मिनिटं चालून बंद पडते. ते पैसे गेले ते गेलेच.

जाता जाता एक, हे दोघांनीही नीट वाचा. घर घट्ट झाल्यावर त्या बाईंनी गॅसवरच्या पाणी तापवायच्या टाकीचा धूर नीट बाहेर जातो की घरात उलटतो, हे तपासल्याशिवाय कागदावर सही केली नाही. आई, आपल्या न्हाणीघरात गॅस गीझर आहे आणि थंडीत तू जाळीला फडकं कोंबतेस. कृपा करून ते आजच काढ. गॅस जळताना कोंडणाऱ्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो, माणसाला कळतसुद्धा नाही. गीझर न्हाणीघराच्या बाहेर बसवून घ्या, पैसे मी देते, यावर वाद नको.

आता आपल्या घराकडे येते. इथलं सगळं उचलून तिकडे न्यायचं नाही. आपल्या भिंती दीड हात जाड, त्यांना काही करायला नको. आपल्या घरात ऊन येतं ते डोक्यावरून. मे महिन्यात उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. काँक्रीट दिवसभर ती उष्णता पीत बसतं आणि रात्री खाली सोडतं. म्हणूनच मध्यरात्रीनंतर बाहेर वारा सुटला तरी मागच्या खोलीत पंखा गरम हवाच फेकतो. २०२४ च्या मेमध्ये अकोल्यात कलेक्टरांनी उन्हापायी १४४ कलम लावलं, तेव्हा तुम्ही दोघं अंगणात झोपत होतात, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. तुमच्याकडून नाही. या तापलेल्या स्लॅबखाली दोन टनांचा एसी काय करणार? रात्रभर स्लॅब थंड करत बसणार, आणि बाबा बिलाच्या धाकाने अकराला तो बंद करणार.

आजी हे आधीच म्हणाली होती. १९८८ मध्ये मातीचं धाबं उतरवून स्लॅब टाकला तेव्हा मी सात वर्षांची होते. सागवानी तुळया, त्यावर कड्या, त्यावर तुराट्या नि लिंबाचा पाला आणि वर हातभर पांढरी माती. दर वैशाखात गडी वर नवी माती तुडवायचे आणि खाली आमच्या ताटात बारीक भुरा पडायचा. माती उतरवताना आजी ओट्यावर बसून म्हणाली होती, "अरे बापा, घराची भट्टी करतं काय?" मला माहीत आहे, बाबा, तुम्हाला हौस नव्हती. वाळवीने दोन तुळया पोखरल्या होत्या आणि पावसाळ्यात सात ठिकाणी घमेली ठेवावी लागायची. स्लॅब बरोबरच होता. फक्त मातीच्या जागी दुसरं काही घालायचं राहून गेलं, आणि तेव्हा घालत तरी कोण होतं?

आता ते घालू या. सुरेशदादासारखं कुणी सांगेल की आतून थर्माकोल आणि पीओपीचं फॉल्स सिलिंग करा. त्याने फरक पडतो, पण वर स्लॅब तापतच राहतो, प्रसरण पावतो, भेगा वाढतात. पांघरूण उन्हाच्या बाजूने हवं. आधी भेगा भरून वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस म्हणजे कडक फोमच्या दोन इंचांच्या शीट, सांधे चिकटवून, त्यावर जाळी घालून सिमेंटचा थर, पाइपाकडे उतार ठेवून, आणि सगळ्यात वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझेक. साधा थर्माकोल दाखवला तर परत पाठवा, तो वजनाखाली दबतो. हा दोन इंचांचा फोम जेवढं अडवतो तेवढं अडवायला सात-आठ फूट जाड काँक्रीट लागेल.

मात्र गवंडी म्हणेल, "साहेब, चार इंच विटांचा कोबा करून टाकू, पिढ्यान्‌पिढ्या चालतो." करू नका. पाण्यासाठी तो चांगला, पण भलता जड, आणि आपला स्लॅब सदतीस वर्षांचा, खालच्या भिंती मातीत बांधलेल्या. कशालाही हात लावण्याआधी एखाद्या इंजिनिअरला लोखंड गंजलंय का ते पाहू द्या. तो नको म्हणाला तर फोमसुद्धा नको. मग यंदा नुसता पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग द्या आणि वर हिरवी शेडनेट ताणा. चुन्यात फेव्हिकॉल घालून मारलं तरी या एका उन्हाळ्यापुरतं काम होतं, पावसात वाहून गेलं तर गेलं. पाण्याच्या काळ्या टाकीलाही त्याच नेटखाली घ्या, दुपारी हात धुताना आई जे बोलते ते तरी थांबेल.

कूलर आहे तोच ठेवा. आपली हवा कोरडी, मृग लागेपर्यंत त्याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. आणि हे सगळं करून जूनच्या उकाड्यात एसी कमी पडला, तर दोन टनाचा मी स्वतः घेऊन देईन. लिहून देते आहे.

शिवरात्रीनंतर थंडी शिव शिव करत जाते आणि गवंड्यांचे भाव चढतात, त्यामुळे दिवस हाताशी फार नाहीत. रविवारी तुमच्या सकाळी नऊला व्हिडिओ लावते. बाबा, फोन घेऊन गच्चीवर जा, पाइपाच्या तोंडाशी ती जुनी भेग आहे ती जवळून दाखवा. जिन्याचा कठडा धरून चढा. आई, तू खालीच थांब.

तुमची,
बेबी

ता. क. बाबांची कानटोपी सापडली. माळा साफ करताना तुमच्या बॅगेच्या खोक्यात होती. नातीने ती लाटली आहे, शाळेत घालून जाते, परत मिळायची आशा धरू नका.