मुदतीआधी बेड परत केल्याबद्दल जप्त केलेली अनामत आणि मागितलेलं जादा भाडं : तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : कराराच्या कलम 14 खाली केलेली वसुली रद्द करून अनामत परत मिळण्याबाबत

महोदय,

वडिलांसाठी आम्ही तुमच्याकडून हॉस्पिटल बेड बारा महिन्यांच्या करारावर भाड्याने घेतला होता. सात महिन्यांत ते हिंडूफिरू लागले आणि आम्ही बेड परत केला. मुदत आम्ही मोडली, हे मला मान्य आहे. त्यामुळे तुमचं जे नुकसान झालं ते भरून द्यायची माझी तयारी आहे. पण तुम्ही तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत जप्त केलीत आणि वर आणखी दोन महिन्यांच्या भाड्याची नोटीस धाडलीत. म्हणजे उरलेल्या पाचही महिन्यांचं भाडं वसूल, आणि बेडही तुमच्याच ताब्यात.

फोन केला की एकच उत्तर मिळतं : ‘ही लिक्विडेटेड डॅमेजेसची, म्हणजे करार मोडल्यास द्यायची म्हणून आधीच ठरवलेल्या भरपाईची रक्कम आहे, तुम्ही सही केली आहे.’ सही केली आहेच. पण भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 74 काय सांगतं? करारात आकडा लिहिलेला असला, मग त्याला भरपाई म्हणा की दंड, तरी मिळते ती वाजवी भरपाईच. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. इंग्लंडमध्ये दंड ठरलेलं कलम न्यायालय लागूच करत नाही. आपल्याकडे ते वाजवी रकमेपर्यंत खाली आणलं जातं.

‘नुकसान सिद्ध होवो वा न होवो’ हे त्याच कलमातले शब्द तुमच्या नोटिशीत ठळक अक्षरांत छापले आहेत. त्यांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (2015) या निकालात स्पष्ट केला आहे : नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावंच लागतं. त्या प्रकरणात प्राधिकरणाने भूखंडाचा बयाणा जप्त केला होता, पण तोच भूखंड पुढे लिलावात कितीतरी जास्त किमतीला गेला. नुकसानच नाही, म्हणून बयाणा परत करावा लागला.

माझं प्रकरण याहून वेगळं कसं? बेड न्यायला आलेल्या तुमच्याच माणसांनी सांगितलं की सफाई करून तो दुसऱ्याच दिवशी एका पेशंटकडे जाणार आहे. तुमच्या ॲपवर त्या मॉडेलसाठी दोन आठवड्यांची प्रतीक्षा दिसते. मग ज्या पाच महिन्यांचं भाडं दुसरं कुटुंब देत आहे, ते माझ्याकडून कशासाठी?

आपल्या करारातलं कलम 14 पुन्हा वाचलं तेव्हा खरंच संताप आला. बेड मुदतीआधी परत केला, भाडं आठ दिवस थकलं किंवा न कळवता बेड दुसऱ्या खोलीत हलवला, तिन्हींना शिक्षा एकच : उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं. किरकोळ आणि गंभीर चुकांना एकच रक्कम लावली असेल तर ती दंड असल्याचं प्रथमदर्शनी मानावं, असं ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड डुनेडिन यांनी डनलॉप या टायर कंपनीच्या खटल्यात 1914 सालीच म्हटलं होतं. खोली बदलल्याने कंपनीचं पाच-सहा महिन्यांच्या भाड्याएवढं नुकसान कसं होईल? याउलट कलम 15 म्हणतं की बेड उशिरा आला तर कंपनी जबाबदार नाही. आमच्याकडे तो चार दिवस उशिरा आला होता. ते चार दिवस वडिलांना जमिनीवरच्या गादीवरून उठवताना आम्ही काय सोसलं, त्याचा हिशेब करारात कुठेच नाही.

तुमचं खरं नुकसान मीच मांडून दाखवतो. बारा महिन्यांच्या कराराऐवजी महिन्या-महिन्याने घेतला असता तर हाच बेड दहा टक्के महाग होता. सवलतीचा तो फरक सात महिन्यांचा धरला तर एका महिन्याच्या भाड्याचे सत्तर टक्के होतात. बेड आठवडाभर रिकामा राहिला असं धरलं तरी सगळं मिळून एका महिन्याच्या आतच बसतं. सफाई आणि वाहतुकीचे पैसे तुम्ही नेतानाच घेतले आहेत. पावती सोबत जोडली आहे.

म्हणून एका महिन्याचं भाडं कापून घ्या, दोन महिन्यांची अनामत परत करा आणि जादा मागणीची नोटीस लेखी मागे घ्या. याहून जास्त नुकसान झालं असेल तर त्याचा हिशेब कागदपत्रांसह पाठवा. तो मी नीट तपासेन.

नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड ग्राहकावर लादणारा करार ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(46) नुसार अनुचित करार ठरतो. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी राज्य ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणार आहे.

आपला ग्राहक

सोबत : कराराची प्रत, अनामतीची पावती, बेड परत केल्याची पोच, सफाई-वाहतुकीची पावती, आपली नोटीस