आत्याला सांगा, अभ्यासाला गेलीय

ती. आई आणि ती. बाबा यांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा माझं बोलणं ऐकून तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तसं "बरं" मी मिरजेच्या प्रकरणानंतर ऐकलं नव्हतं. आणि आई, तू म्हणालीस, "अगं, एका मालिकेपायी नोकरी सोडलीस?" मला तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. कागदावर लिहिलं की बाबा निदान शेवटपर्यंत वाचतात.

आधी व्यवहाराचं सांगते, म्हणजे उरलेलं शांतपणे वाचाल. राजीनामा मंजूर झालाय, व्हिसा हातात आहे, तिकीट काढलंय. "अजून विचार कर" म्हणायची वेळ गेलीय, रागावू नका. कोरियात, सोलमधल्या एका विद्यापीठाच्या भाषा केंद्रात वर्षभराचा कोर्स आहे. दहा-दहा आठवड्यांची चार सत्रं, सोमवार ते शुक्रवार रोज चार तास वर्ग. फी माझ्या साठवणीतून भरली, तुमच्या एफडीला कुणी हात लावलेला नाही. पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिलाय आणि भाडं थेट हप्त्याच्या खात्यात जमा होईल. सगळे कागद दादाने पाहिलेत. त्याने नेहमीप्रमाणे दोन चुका काढल्या आणि त्या दुरुस्तही केल्या. परत आल्यावर भाषांतराची कामं मिळतात, कोरियन कंपन्या पुण्याच्या आसपास कमी नाहीत. हे मी तुमच्यासाठी लिहितेय असं वाटेल, पण खरं तर रात्री झोप लागत नाही तेव्हा स्वतःलाही हेच ऐकवत असते.

आता मालिकेचं. तिचं नाव "द रेड स्लीव्ह", तुम्ही दोघं तिला "ती राजाची" म्हणता. कोरियाच्या एमबीसी वाहिनीवर ती नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि शेवटचे दोन भाग १ जानेवारी २०२२ ला लागोपाठ दाखवले. पहिल्या भागाचं रेटिंग पावणेसहा टक्क्यांच्या आसपास होतं, शेवटच्याचं १७.४. म्हणजे तिथल्या असंख्य घरांत नव्या वर्षाचा पहिला दिवस डोळे पुसण्यात गेला. त्यातही गंमत अशी, की शेवट सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता. राजा जोंगजो आणि त्याची दासी सोंग दोक-इम, दोघंही खरी माणसं. ती १७८६ मध्ये गेली हे तिथे कुणीही शोधून काढू शकतं. तरी लोक दर आठवड्याला बसायचे आणि लेखिकेने काहीतरी करून हिला वाचवावं म्हणून देव पाण्यात घालायचे. आई, संभाजी महाराजांच्या मालिकेचा शेवट जवळ आला तेव्हा तू काय वेगळं केलं होतंस? "आता पुढचं बघवणार नाही" म्हणत रोज बरोबर वेळेला टीव्हीसमोर हजर.

मला वाटतं लोकांना रडवलं ते तिच्या मरणाने नाही, तिच्या नकाराने. दोक-इम राजवाड्यातली साधी मुलगी. अक्षर सुरेख, गोष्टी वाचून दाखवण्यात पटाईत, पोथ्या उतरवून चार पैसे बाजूला टाकणारी, मैत्रिणींबरोबर हसणारी. राजवाड्यातल्या दासींना लग्न करता येत नसे, त्या राजाच्याच मानल्या जात. एवढ्याशा जागेत तिने थोडंसं स्वतःचं असं काही जमवलंय आणि तेवढंच तिला राखायचंय. राजा तिच्यावर जीव टाकतो, चांगला माणूस आहे, दिसायला कसा आहे ते तू मला सांगायची गरज नाही. तरी ती "नाही" म्हणते. रखेल झाली की मान मिळेल, पण मग आयुष्यभर कुणाच्या तरी पावलांचा कानोसा घेत एका खोलीत बसायचं, हे तिला दिसतंय.

हे लेखिकेच्या डोक्यातून आलेलं नाही बरं का, बाबा. तिच्या थडग्यासाठी राजाने स्वतः मजकूर लिहिला, तो आजही वाचायला मिळतो. पहिल्यांदा, तो युवराज असताना विचारलं तेव्हा तिने रडून नकार दिला, युवराज्ञीला अजून मूल नाही, मी कशी पुढे होऊ, असं म्हणाली, हे त्यानेच लिहून ठेवलंय. पंधरा वर्षांनी पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. तेव्हा त्याने तिच्या नोकरांना शिक्षा केली आणि मग ती तयार झाली. राजाने हे लपवलं असतं तर त्याला कोण विचारणार होतं? अडीचशे वर्षांनी जगभरचे लोक त्या मजकुरावर भांडतायत. एक गट म्हणतो, तिचं प्रेम होतं पण तिने ते कबूल केलं नाही. दुसरा म्हणतो, राजाला नाही म्हणता येत नाही तिथे प्रेमाच्या गप्पा कसल्या मारता. मी आधी पहिल्या गटात होते. नोकरांच्या शिक्षेचं वाचल्यापासून दुसऱ्या गटाचं म्हणणं कानामागे टाकता येत नाही. मालिकेची हुशारी अशी, की मरता मरता ती राजाला म्हणते, पुढच्या जन्मी मी दिसले तर ओळख न दाखवता जवळून निघून जा. आणि लगेच पुढे असंही सुचवते, की मला खरंच नको असतं तर मी कशीही पळून गेले असते. आता घ्या, कुठल्या गटात बसायचं ते ठरवा!

आई, तू शेवटचा भाग पाहून रात्री अकराला फोन केला होतास. आवाज बसलेला, पाठीमागे बाबा म्हणतायत, "हिचं बीपी वाढणार आता." तू विचारलंस, "राजा समोर बसलेला असताना ती मैत्रिणींना का बोलवा म्हणते गं?" मी काहीतरी थातुरमातुर बोलले. खरं उत्तर असं, की त्या तिच्या स्वतःच्या होत्या. राजा तिला नेमून दिलेला होता.

त्यानंतरचा तो पेटीचा प्रसंग. ती जाऊन काही काळ लोटलाय, राज्यकारभार चालू आहे, आणि एक दिवस तिची पेटी राजासमोर येते. आत काही कागद आणि तिचा जुना दासीचा पोशाख, लाल काठाच्या बाह्यांचा. तो उचलून समोर धरतो आणि त्याला जाणवतं की ती केवढीशी होती. एवढंच. राजाचं काम करणाऱ्या ली जुन-होने तिथे एक मोठा संवाद म्हटला असता तर मी उठून चहा टाकला असता. तो नुसता कापडाकडे बघत राहतो, मग ते छातीशी धरतो. मला काय आठवलं सांगू? आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेतला माझा निळा फ्रॉक, खिशावर बदक भरलेला. तू तो दरवर्षी उन्हात घालतेस, झटकतेस आणि पुन्हा डांबरगोळ्यांत ठेवून देतेस. दादा म्हणतो देऊन टाक कुणाला. देऊ नकोस हं.

बाबा, तुम्ही पेपरआडून सगळे भाग पाहिलेत हे आईने मला कळवलंय, तेव्हा आता तुमच्यासाठी. हा जोंगजो गादीवर आला १७७६ मध्ये, आपल्याकडे पुरंदरचा तह झाला त्याच वर्षी. आणि वारला १८०० साली, म्हणजे नाना फडणवीस गेले ते वर्ष. मेणवलीच्या वाड्यात तुम्ही आम्हाला उन्हात उभं करून नानांवर तासभर ऐकवलं होतंत, तेव्हा तिकडे हा माणूस काय करत होता हे कुणाला माहीत होतं! तो दहा वर्षांचा असताना त्याच्या सख्ख्या आजोबांनी त्याच्या वडिलांना तांदळाच्या लाकडी पेटाऱ्यात कोंडून मारलं. आठ दिवस लागले. गादीवर आल्यावर त्याने वडिलांची समाधी सुवॉनजवळ हलवली आणि मग तिथे तटबंदीचं अख्खं शहर उभारलं, १७९४ ते १७९६. तटाची लांबी पावणेसहा किलोमीटरच्या घरात. जोंग याक-योंग नावाच्या विद्वान अधिकाऱ्याने दगड उचलायला कप्प्यांचं यंत्र तयार केलं. कुठल्या कारागिराला किती मजुरी दिली याच्यासुद्धा नोंदी छापून ठेवल्यात, आणि त्याच पुस्तकाच्या आधारे १९७० च्या दशकात पडझड झालेला भाग पुन्हा बांधला. तुमच्या बांधकाम खात्यात अशी मोजमापवही कुणी ठेवली होती का? मी तटावरून फिरून तुम्हाला दरवाज्यादरवाज्याचे फोटो पाठवीन. अजिंक्यताऱ्यावर बसून बघा. पण गुडघा दुखत असेल तर अर्ध्या वाटेवरून परत फिरा, उगाच वरपर्यंत जाण्याचा हट्ट नको.

आणखी एका जागी जायचंय. दोक-इमचा मुलगा चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा गोवराने गेला, आणि त्याच वर्षी काही महिन्यांत ती, पोटात बाळ असताना. राजाने तिला लेकाजवळच पुरलं, आज सोलमध्ये ह्योचांग पार्क आहे तिथे. जपानी राजवटीत १९४४ साली दोन्ही थडगी उकरून गोयांगला नेली आणि मायलेकरांना वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलं. मालिका पाहिलेल्या कुणालाही विचारा, हे सगळ्यांत जास्त लागतं. मुलाची जागा पाहता येते, आईचा भाग बहुतेक वेळ बंद असतो. जेवढं दिसेल तेवढं पाहीन.

म्हणजे, आई, मालिकेपायी नोकरी सोडली असं नाही. पण मालिका नसती तर सोडली नसती, हेही तितकंच खरं. सबटायटलांच्या पलीकडे ती माणसं नेमकं काय बोलतात ते ऐकायचं होतं म्हणून शनिवारचा क्लास लावला. क्लास लावल्यावर लक्षात आलं की आठवड्यात मला फक्त शनिवारच आवडतो. मला ऑफिसात कुणी छळलं नाही, कुणी काढलं नाही. चांगली नोकरी होती. चांगल्या गोष्टीला नाही म्हणता येतं, एवढंच त्या पोरीकडून घेतलं. तुम्ही मला काही कमी दिलंत म्हणून मी चाललेय असं चुकूनही मनात आणू नका. तुम्ही दिलेल्या भरवशावरच तर चाललेय.

माझ्या खाण्यापिण्याची काळजी नको. तिथे भात आहे, भाज्या आहेत, टोफू आहे. किमचीत बऱ्याचदा मासळीचा रस असतो, तो विचारून घेईन, ते वाक्य मी सगळ्यांत आधी पाठ केलंय. गोडा मसाला, दाण्याचं कूट आणि लसणाची चटणी बॅगेत आहे. थंडी फार असते, पण घरांची जमीन खालून तापवलेली असते. आई, तुझ्या टाचांना ते फार आवडलं असतं. घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे माझे साडेअकरा, तेव्हा फोन तुमची जेवणं झाल्यावर नाही, संध्याकाळी सहाला करायचा.

आता नीट ऐका. बीपीची गोळी सकाळी चहाबरोबर, "आज बरं वाटतंय" म्हणून गाळायची नाही. बाबांची डोळ्यांची तपासणी दादा पुढच्या महिन्यात करून आणेल, त्याच्याशी वाद घालू नका. गॅसचा पाइप बदलून घ्या, मी गेल्या वेळी सांगितलं होतं. बाथरूममध्ये दांडा बसवायला माणूस येईल, त्याला "गरज नाही" सांगून परत पाठवू नका, पैसे दिलेत. दुपारी बेल वाजली की आधी खिडकीतून बघा. आत्याने विचारलं तर सांगा, अभ्यासाला गेलीय. मालिकेचं तिला कळलं तर दिवाळीपर्यंत पुरेल.

आणि आई, सांगलीच्या तुझ्या मैत्रिणी. त्यांची आंतर्देशीय पत्रं तू अजून जपून ठेवली आहेस, पण त्यांना शेवटचं भेटलीस कधी? आमच्या परीक्षा झाल्या, आजींचं दुखणं झालं, बाबांची निवृत्ती झाली, तरी दर वेळी काहीतरी निघालंच. मी दादाकडे एसटीच्या रिझर्व्हेशनचे पैसे दिलेत. दोन रात्री राहायचं, एक नाही. बाबांना खिचडी येते, पिठलंही येतं, ते फक्त कबूल करत नाहीत. बाबा, ती तिथे असताना "मीठ कुठे आहे" म्हणून फोन करायचा नाही. गॅसच्या डाव्या हाताला, निळ्या झाकणाच्या बरणीत.

निघायच्या आधी येतेच आहे, चार दिवस राहीन. कंदी पेढे आणून ठेवू नका, वजनात बसत नाहीत. पाव किलो चालतील.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, याच राजावर २००७ मध्ये "यी सान" नावाची आणखी एक मालिका आली होती, ७७ भागांची. राजकारण, कटकारस्थानं भरपूर, तुम्हाला आवडेल. दादाला लावून द्यायला सांगा. मात्र रोज एकच भाग, आणि दहाला टीव्ही बंद. हे दोघांसाठी.