पकडलेला कार्बन डायऑक्साइड पुढे जातो कुठे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इमारतींच्या हीटिंग आणि कूलिंग यंत्रणेतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून पुन्हा वापरण्याबद्दल आपण रविवारच्या पुरवणीत लेख छापलात. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं मोठ्या इमारतींच्या प्लांट रूममध्ये, बॉयलर, पाणी गार करणारे चिलर आणि पंप यांच्या आवाजात गेली आहेत. त्यामुळे तळघरातल्या या यंत्रांना वर्तमानपत्रात जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला. मात्र लेखात बॉयलरच्या धुराड्यातला वायू, माणसांच्या उच्छ्वासातला वायू आणि एसीमधला गॅस हे तिन्ही एकाच दावणीला बांधले आहेत. ते तसे बांधता येत नाहीत. इमारतीचा मालक पैसे चुकीच्या जागी घालतो तो याच गोंधळामुळे, म्हणून हे पत्र.

आधी धुराडं. इमारत गरम ठेवणारे बरेच बॉयलर नैसर्गिक वायूवर, म्हणजे मुख्यतः मिथेनवर चालतात. एक किलो मिथेन पूर्ण जळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जळलेल्या गॅसपेक्षा बाहेर पडणाऱ्या वायूचं वजन जास्त, हे कामावर नव्याने आलेल्या मुलांना पटत नाही. हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन मिळतो, हे समीकरण मांडून दाखवावं लागतं. बर्नर नीट ट्यून केलेला असेल तर धुराड्यात अ‍ॅनालायझरची सळई घातल्यावर कार्बन डायऑक्साइड साधारण ९ टक्के दिसतो. मोकळ्या हवेत तो ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास, म्हणजे जेमतेम ०.०४२ टक्के असतो. दोन्हींत दोनशे पटींहून जास्त फरक आहे.

हा फरक पंख्याच्या भाषेत सांगते. एक किलो कार्बन डायऑक्साइड मिळवायला धुराड्यातला सहा घनमीटर धूर पुरतो. माणसांनी भरलेल्या कार्यालयातल्या परतीच्या हवेत तो १००० पीपीएम असेल, तर साडेपाचशे घनमीटर हवा गाळावी लागते. बाहेरच्या हवेतून काढायचा तर सुमारे तेराशे घनमीटर. तेही त्यातला कण न् कण हाती लागतो असं धरून. प्रत्यक्षात तसं होत नाही. एवढी हवा फिल्टरमधून ओढायला मोटर लागते, मोटरला वीज लागते आणि ती वीज कोळशावर तयार झालेली असेल तर हिशेब उलटा पडायला वेळ लागत नाही. म्हणून इमारतीत कार्बन पकडायचाच असेल तर धुराड्यापाशी पकडा. तिथे तो दाट असतो.

असं काम झालेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या एका तीस मजली निवासी इमारतीच्या तळघरात कार्बनक्वेस्ट या कंपनीची यंत्रणा बसवली आहे. बॉयलरचा धूर थंड करायचा, त्यातलं पाणी काढून टाकायचं, कार्बन डायऑक्साइड शोषक पदार्थावर धरून वेगळा करायचा आणि दाबून, गार करून द्रवरूपात टाकीत भरायचा, असा तो क्रम आहे. ही टाकी ट्रकने ब्रुकलिनला जाते आणि तिथे तो वायू काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये वापरला जातो. मालकांनी हा खर्च केला त्यामागे कायदा आहे. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये ‘लोकल लॉ ९७’ केला. २५ हजार चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना त्यात उत्सर्जनाची मर्यादा घातली आहे. ती २०२४ पासून लागू झाली, २०३० पासून आणखी कडक होणार आहे आणि मर्यादेच्या वरच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड आहे. दंडाचा आकडा समोर असल्याशिवाय तळघरातल्या यंत्रावर कोणी पैसे घालत नाही, हे मी माझ्या कामात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

त्या उदाहरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते काँक्रीट. सिमेंटमधल्या कॅल्शियमशी कार्बन डायऑक्साइडचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतं. भिंत पाडली, ब्लॉक फुटला तरी तो दगड होऊन राहतो. आपल्या लेखात मात्र ‘पुनर्वापर’ या एका शब्दाखाली काँक्रीट, शीतपेयं, हरितगृह आणि कृत्रिम इंधन एका ओळीत आले आहेत. शीतपेयाची बाटली उघडली की त्यातला वायू त्याच दिवशी हवेत जातो. हरितगृहातल्या भाजीने घेतलेला वायू ती भाजी खाल्ली की परत येतो. इंधन जाळलं की गाडीच्या नळीतून बाहेर. याला पुनर्वापर म्हणा हवं तर, पण मूळ वायू जमिनीतून काढलेला असेल तर तो हवेत जायला थोडा उशीर झाला एवढंच. ‘निदान बाजारातला दुसरा कार्बन डायऑक्साइड तरी वाचतो’ असंही सांगितलं जातं. पण बाजारातला बराचसा कार्बन डायऑक्साइड अमोनिया आणि इथेनॉलच्या कारखान्यांतून आपोआपच निघत असतो. तुम्ही तो विकत घेतला नाहीत तर त्या कारखान्याला तो हवेत सोडायची मुभा असतेच. मग वाचलं काय?

लेखातल्या साबणाबद्दलही लिहायला हवं. कॅनडातल्या क्लीनओटू कंपनीचं कार्बिनएक्स हे यंत्र बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पोटॅशियम हायड्रॉक्साइडवर घेतं. त्यातून पोटॅशियम कार्बोनेट मिळतं आणि ते साबणासारख्या वस्तूंमध्ये जातं. या क्रियेत उष्णता निघते आणि ती इमारतीच्या पाण्यालाच दिली जाते. ही योजना मला आवडते. प्लांट रूममध्ये फुकट जाणारी उष्णता पाहून ज्याला त्रास होतो अशा कोणालाही आवडेल. पण वजन मांडून पाहा. एक किलो कार्बन डायऑक्साइड बांधायला अडीच किलोंहून थोडं जास्त पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं आणि तीन किलोंहून जास्त कार्बोनेट तयार होतं. म्हणजे एक किलो गॅस जाळल्यावर निघणारा सगळा कार्बन पकडायचा तर सात किलो रसायन आत आणायचं आणि साडेआठ किलोंच्या वर भुकटी बाहेर न्यायची. शिवाय पोटॅशियम हायड्रॉक्साइड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातून वीज सोडून बनवतात, त्या विजेचा कार्बन वेगळा. धुरातला थोडा हिस्सा पकडायला हे ठीक आहे. अख्खी इमारत त्यावर स्वच्छ होईल असं कोणी सांगत असेल तर त्याला गोण्या ठेवायची जागा विचारावी.

द्रवरूप कार्बन डायऑक्साइडच्या साठ्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. हा वायू हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही की धोक्याचा इशारा देईल असा वास नाही. गळती झाली तर तो तळघरात खालून साठत जातो. कामाच्या जागी आठ तासांसाठी त्याची मर्यादा ५००० पीपीएम धरतात आणि ४० हजार पीपीएमला तो जिवावर बेततो. त्यामुळे जमिनीलगत सेन्सर, दाराबाहेर भोंगा आणि आपोआप सुरू होणारा एक्झॉस्ट पंखा या गोष्टी यंत्रणेच्या पहिल्या नकाशातच असायला हव्यात. रात्रपाळीला तळघरात एकटा माणूस असतो.

आता खोल्यांमधली हवा. फिनलंडच्या सोलेटेअर पॉवरने इमारतीच्या व्हेंटिलेशनमधून कार्बन डायऑक्साइड पकडणारी यंत्रं बनवली आहेत. बॉस्टन विद्यापीठाच्या इमारतीवरचा एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गांमधून निघणारी हवा छतावरच्या झाडांवर सोडली, तेव्हा साध्या पंख्यासमोरच्या पालकाच्या तुलनेत त्या हवेतला पालक चौपट वाढला. हा प्रयोग मला फार आवडला, कारण त्यात हवा वेगळी ओढावी लागत नाही. इमारतीचा एक्झॉस्ट तसाही चालूच असतो. पण व्हेंटिलेशनमध्ये कार्बन पकडण्याचा आणखी एक फायदा सांगितला जातो तो मला धोक्याचा वाटतो. आतला कार्बन डायऑक्साइड कमी केला की बाहेरची ताजी हवा कमी घेतली तरी चालते, ती गरम किंवा गार करायची वीज वाचते, असा तो मुद्दा. खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा आपण बघतो तो कशासाठी? माणसं किती आहेत आणि ताजी हवा पुरते आहे का, याचा तो अंदाज देतो. रंगाचा, फर्निचरच्या गोंदाचा वास, ओल, खोकल्यातून उडणारे जंतू यांतलं काहीच तो यंत्रातला फिल्टर थांबवत नाही. सेन्सर समाधानी, ताजी हवा आत घेणारी झडप, म्हणजे डॅम्पर, बंद आणि दुपारनंतर माणसांची डोकी जड, अशी मजल्यांवरची परिस्थिती मी पाहिली आहे. ताज्या हवेचा डॅम्पर कमी करायचा निर्णय कार्बन पकडणाऱ्या यंत्राच्या भरवशावर कोणी घेऊ नये.

आणि कूलिंग. इथे लेखाचा पायाच निसटला आहे. विजेवर चालणारा चिलर किंवा एसी त्या जागी कार्बन डायऑक्साइड सोडतच नाही. त्याचा धूर दूर वीजकेंद्रात निघतो, तिथे इमारतीचा मालक काही पकडू शकत नाही. त्याच्या हातात असतो तो यंत्रातला गॅस, रेफ्रिजरंट. आर-४१०ए या गॅसचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. जुन्या आर-२२ चा आकडा १८१०, नव्या आर-३२ चा ६७५.

एका इमारतीच्या छतावर जुनं युनिट काढायचं होतं. नेमप्लेटवर लिहिलं होतं, आर-४१०ए, १२ किलो. कंत्राटदाराच्या माणसाने सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपी काढली आणि गेजची नळी न लावताच व्हॉल्व्ह उघडला. कानठळ्या बसवणारी शिट्टी, तांब्याच्या नळीवर चढत गेलेलं पांढरं बर्फ, मागच्या भिंतीवर तेलाचा बारीक फवारा. मी जिन्यातून वर पोहोचेपर्यंत शिट्टी बारीक झाली होती. जुना गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणारं रिकव्हरी मशीन त्यांच्या गाडीत होतं. वर आणलं नव्हतं, कारण गॅस काढून घ्यायला वेळ लागतो आणि रिकामा सिलिंडर त्या दिवशी बरोबर नव्हता. बारा किलो गुणिले २०८८ म्हणजे पंचवीस टन. तेवढा कार्बन डायऑक्साइड निघायला नऊ टन मिथेन जाळावा लागतो. त्याच इमारतीच्या बैठकीत त्या महिन्यात ‘कार्बन कॅप्चर’वर सादरीकरण झालं आणि सगळ्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

हा गॅस पकडणं अवघड नाही. रिकव्हरी मशीन लावायचं, वजनकाट्यावर सिलिंडर ठेवायचा, ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही आणि एका सिलिंडरमध्ये दोन जातींचे गॅस मिसळायचे नाहीत. मिसळले की तो पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. शुद्ध राहिलेला गॅस तेल, ओल, आम्ल काढून पुन्हा यंत्रात भरता येतो. पकडणं आणि पुन्हा वापरणं, दोन्ही अर्थांनी हे खरं काम आहे आणि त्याला नवं तंत्रज्ञान लागत नाही. अमेरिकेत ओझोनला हानिकारक रेफ्रिजरंट मुद्दाम हवेत सोडायला १९९२ पासून बंदी आहे आणि १९९५ पासून त्यांच्या जागी आलेल्या बहुतेक गॅसनाही ती लागू झाली. २०१६ च्या किगाली करारानंतर हे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचं बहुतेक देशांनी मान्य केलं आहे. पण भरून झालेली लाखो यंत्रं छतांवर बसलेली आहेत आणि ती कधी ना कधी उघडली जाणारच.

धुराड्याबद्दल माझं मत विचाराल तर बॉयलरचं आयुष्य संपत आलं असेल तिथे कार्बन पकडायची यंत्रणा बसवू नये, बाहेरची उष्णता ओढून आत आणणारा हीट पंप बसवावा. एक युनिट विजेवर तो साधारण तीन युनिट उष्णता देतो आणि त्याला धुराडंच लागत नाही. त्यात रेफ्रिजरंट म्हणून खुद्द कार्बन डायऑक्साइडही चालतो, आर-७४४ या नावाने. जपानमध्ये असे पाणी तापवणारे पंप २००१ पासून विकले जातात. त्याचा दाब इतर गॅसपेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा नळजोडणीचं काम शिकलेल्या माणसाचंच हवं. बॉयलर नवा आहे, इमारतीची वीजजोडणी वाढवता येत नाही, जवळ काँक्रीटचा कारखाना आहे, अशा ठिकाणी धुरातला कार्बन पकडायला माझा पाठिंबा आहे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढचा लेख लिहिण्याआधी जुना एसी प्लांट बदलला जात असेल अशा कोणत्याही इमारतीत त्यांनी जावं आणि रेफ्रिजरंटचं रजिस्टर मागावं. गेल्या वर्षी किती किलो भरला, किती काढून घेतला, तो कोणत्या सिलिंडरमध्ये गेला आणि सिलिंडर पुढे कोणाकडे पोहोचला, हे त्यात असायला हवं. भरलेल्या आणि काढलेल्या वजनात फरक असेल तर तो छापावा. रजिस्टरच नसेल तर तेही छापावं.

आपली,
एचव्हीएसी (हीटिंग, व्हेंटिलेशन आणि एसी) देखभालीचं काम करणारी एक अभियंता