धोतऱ्याचं बी आणि तुझं सोयाबीन

लातूर,
28 सप्टेंबर

प्रिय नंदा,

तुझं पत्र मिळालं. धोतरा खाल्लेलं शेजारचं पोरगं दवाखान्यातून सुखरूप घरी आलं हे वाचून जीव भांड्यात पडला. शेळ्या बांधावरचा धोतरा कुरतडतात आणि त्यांना काही होत नाही, मग त्या लेकराचंच असं का झालं, असं तू विचारलंयस. आणि जाता जाता लिहिलंयस, की यंदा सोयाबीनमध्येही धोतरा माजलाय. खरं सांगू, ते वाचून मला जास्त काळजी वाटली.

आधी त्या पोराचं. धोतऱ्याच्या सगळ्या झाडात, बियांत तर भरपूर, ॲट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही अल्कलॉइडं, म्हणजे झाडानेच बनवलेली विषारी रसायनं, असतात. आपल्या नसा लाळग्रंथींना, आतड्याला, मूत्राशयाला, हृदयाला निरोप धाडतात ते ॲसिटिलकोलीन या रसायनाकरवी. धोतऱ्याची विषं नेमकी त्याची जागा अडवून बसतात. मग तोंडाला कोरड पडते, घाम बंद होतो म्हणून अंग भाजतं, चेहरा लालबुंद होतो, लघवी तुंबते, नाडी पळत सुटते. मेंदूतही तेच होतं. पोरगा हवेतून काहीतरी वेचत होता, गोधडीवरचे नसलेले दोरे ओढत होता असं तू लिहिलंस ना, ते धोतऱ्याचं अगदी ठरलेलं लक्षण. आजीला बाहेरचं लागलं असं वाटलं, त्यात तिचा दोष नाही. बघणाऱ्याला तसंच वाटतं. डोळ्यांच्या बाहुल्या अजून काही दिवस मोठ्या राहतील, उजेड सोसणार नाही, अक्षरं धूसर दिसतील. शाळेत तेवढं सांगून ठेवायला सांग.

आता शेळ्या. जनावरं हिरवा धोतरा पोटभर खात नाहीत. वास उग्र, चव कडू, घासभर तोडून पुढे जातात. पण तोच धोतरा कापणीत सापडून भुसकटात वाळला की ती निवड त्यांच्या हातात राहत नाही, आणि वाळल्याने विष काही जात नाही. रवंथ थांबतो, पोट फुगतं, बैल अडखळत चालतो. घोड्याचं तर आतडंच थंडावतं आणि पोटशूळ उठतो. उलट काही सशांच्या अंगात ॲट्रोपीन तोडणारं एन्झाइम जन्मतःच असतं, ते अशी पानं खाऊन खुशाल उड्या मारतात. कोकणात काजऱ्याच्या झाडाची फळं धनेश पक्षी आवडीने खातो. त्याच फळातल्या बियांत स्ट्रिक्नीन नावाचं विष असतं, ज्याने माणसाला पूर्ण शुद्धीत असताना झटके येतात. जनावर खातं म्हणजे आपल्याला चालतं, हा हिशेब कुणी केला तर त्याला तिथेच थांबव.

सोयाबीनबद्दल माझा जीव का टांगणीला लागलाय, तेही ऐक. 2019 साली युगांडात करामोजा भागात कुपोषितांना वाटलेल्या पोषक पिठातून शेकडो लोकांना विषबाधा झाली, पाच जण दगावले. त्या पिठात सोयाबीन होतं आणि सोयाबीनबरोबर धोतऱ्यासारख्या तणाचं बी दळलं गेलं होतं. भुकेल्या लेकराच्या तोंडी घातलेला घास होता गं तो. मला हे वाचल्यापासून स्वस्थता नाही.

तर बी नीट ओळख. चपटं, मूत्रपिंडाच्या आकाराचं, पिवळट तपकिरी, मिरचीच्या बीपेक्षा जाड आणि मोठं. मधोमध चिरलंस तर मिरचीच्या बीतला अंकुर टोकाशी आत वळलेला दिसतो, धोतऱ्यातला बाहेर. न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे मुद्दाम दाखवतात, कारण पूर्वी वाटसरूंना खाण्यातून धोतरा घालून लुटत असत. चाखून मात्र बघू नकोस. सोयाबीनचा दाणा त्याच्यापेक्षा बराच मोठा, त्यामुळे योग्य चाळणीतून बी खाली पडतं. पण बोंडं मळणीयंत्रात जाण्याआधीच झाडं उपटलेली बरी. हातमोजे घाल, आणि तो हात डोळ्याला लावू नकोस, नाहीतर तुझीही बाहुली विस्फारून बसेल.

तू वांग्याची कलमं करतेस म्हणून आणखी एक. ही विषं धोतऱ्याच्या मुळात तयार होतात आणि वर चढतात. अमेरिकेत टेनेसी राज्यात 1963 साली एका घरात धोतऱ्यावर टोमॅटोचं कलम केलं होतं. टोमॅटो दिसायला चांगले लाल, पण खाणाऱ्यांना धोतऱ्याची बाधा झाली. मूळ कशाचं वापरतेस ते रोपवाटिकेत विचारत जा.

सासूबाई म्हणतात तसं महादेवाचं झाड म्हणून त्याचा राग धरू नये, हे मलाही पटतं. 2017 साली यवतमाळकडे कीटकनाशकांची फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना बाधा झाली. तसल्या ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांच्या विषबाधेत डॉक्टर सलाइनबरोबर ॲट्रोपीनच देतात. फुप्फुसात दाटलेलं पाणी तेच आटवतं. आणि ॲट्रोपीनवर उतारा म्हणून आफ्रिकेतल्या कॅलाबार शेंगेतलं फायसोस्टिग्मीन चालतं. प्रागमध्ये 1864 साली ॲट्रोपीन प्यालेल्या कैद्यांवर तिचा अर्क वापरून बघितला होता. एका झाडाच्या विषावर दुसऱ्या झाडाचं विष!

पण हे सगळं डॉक्टरांच्या हातचं. पुन्हा कुणी धोतरा खाल्ला तर मीठपाणी पाजून ओकायला लावू नका. गुंगीत ते श्वासनलिकेत जाईल. झाडाची फांदी पिशवीत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

कापणी कधी धरलीय ते कळव. त्याच्या आदल्या रविवारी मी येते, दोघी मिळून रान पालथं घालू. भुसकटाची गंजही मला बघायचीय, तोवर बैलांना नवं भुसकट टाकू नकोस.

तुझी,
सुमन